विंचू

एका कानात तो. दुसरा कान
कुकरच्या शिट्टीसाठी मोकळा ठेवलाय.
ऋतिकानं मोबाईलमध्ये घालून दिलं हे पुस्तक,
म्हणाली, आई, हात चालू राहतात, तू ऐक की नुसतं.
ती कॉलेजात गेली. मी सुभाषनगरात, पत्र्याखाली,
मांडीवर वेणीची पट्टी, दातांत ओली वादी.

प्रकरण सतरावं.
सिल्व्हियो नावाचा माणूस आहे.
सगळं बंदर त्याचं, पोलीस त्याचे,
आणि आता फियोरा पण त्याचीच म्हणतोय.
वाचणारा पुण्याकडचा असावा,
'रक्त' सुद्धा असं म्हणतो
जसं काय ताटात लिंबाची फोड वाढतोय.

त्याचे बूट इटालियन चामड्याचे, त्यात चेहरा दिसतो म्हणे.
इथं मी थांबवते त्याला.
कुठलं चामडं? पाठीचं का पोटाचं?
बाभळीच्या सालीत किती दिवस होतं?
लिहिणाऱ्या बाईला ओठांचं एवढं माहिती,
बुटाचं काहीच नाही.

बरं, पुढं.
"पळालीस तर जग जाळीन," तो म्हणतो,
आणि खरं सांगते, माझी आरी चुकते.
भोक इकडचं तिकडं. सेहेचाळीस वर्षांची बाई मी,
पाठीतनं काहीतरी गार गार उतरतं
आणि मला ते आवडतं.
कुणाला सांगायचं हे.
मालक समोरच बसलेत, तळ कापतायत.
बावीस वर्षांत 'पळालीस तर' कधी म्हणाले नाहीत.
'जेवलीस का' म्हणाले, तेही सणासुदीला.

पण वाक्य ओळखीचं आहे.
माझ्या धाकट्या बहिणीला, मंगलला,
असंच म्हणणारा एक होता तालमीच्या कोपऱ्यावर,
हातात कडं, गाडीवर रेडियममध्ये स्वतःचं नाव.
बंदर नव्हतं त्याचं. एक पानपट्टी होती, ती पण भावाची.
"किती जीव आहे बघ पोराचा," चुलती म्हणायची.
तीन वर्षं मंगल कामाला
मागच्या गटारीकडनं गेली, उताराच्या अंगानं.
जग काही जळालं नाही.
तिच्या चपलेची टाच तेवढी एका बाजूनं झिजली,
तो जोड मीच शिवलेला, मला माहीत.
आता इचलकरंजीत असते.
फोन उचलते, पण बोलत नाही.
पलीकडचा आवाज ओळखला, की मग हॅलो.

म्हणून असेल,
मी सिल्व्हियोला दीडपट वेगानं पळवते.
धमकी देतो तेव्हा मग वाटतं
किराणावाला उधारी वाचून दाखवतोय.
खळ लागलेला अंगठा टेकवला की गप्प.
अर्ध्या वाक्यात, तोंड उघडं,
"तुला माझ्यापासून कुणीही"
आणि मी उठते, कुकर उतरवते,
वरणाला फोडणी देते, हात धुते.
तो तिथंच.
असा एकही बाप्या बघितला नाही मी,
बाईच्या एका बोटावर थांबलेला.

अठरावं प्रकरण.
"तो आला. पावलांचा आवाज नव्हता."
वाचणारा इथं आवाज खाली आणतो.
फियोरा वळते, तर तो मागंच.
मी हातातल्या जोडाकडं बघते.
नऊ नंबर, कुण्या नवरदेवाची ऑर्डर,
हळदीच्या आत पाहिजे.
मालक म्हणतात, विंचू घालू नकोस,
आजकालच्या पोरांना कर्रकर्र चालत नाही.

दोन तळांच्या मधे मी विंचू ठेवते.
एक नाही, दोन. वर शिवून टाकते.
येऊ दे वाजत.
बोळाच्या तोंडापासनं कळू दे तिला, कोण येतंय ते.
कडी काढायची का नाही
एवढा विचार करायला तरी वेळ मिळू दे.

मालक बघतात माझ्याकडं. बोलत काही नाहीत.
मी पुढचं लावते.
बघू तरी, फियोरा काय करते.